वाढत्या मापाचं चिलखत

परवा रात्री आज्जीची सुई मोडली. साधी सुई नव्हे, वाकळ शिवायची लांब जाड सुई, माझ्या जन्माच्या आधीपासून तिच्या डब्यात असलेली. खांद्याच्या जागी कापडाचे अकरा थर झाले होते, मध्ये जुन्या ब्लँकेटची पट्टी, आणि तिनं अंगठ्यानं जोर लावून रेटली तर मधनं टक्कन तुटली. मला वाटलं आता वैतागणार. तर चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणते, "सुई मोडली म्हंजे तलवार पण अडतीय बघ हितं." आणि दुसरी सुई माझ्याकडं सरकवली ओवायला, रात्रीचं तिला नेढं दिसत नाही.

ती शिवतेय ते माझं गॅम्बेसन. चिलखताच्या आत घालायचा जाडजूड कोट, शिवून शिवून कडक केलेला. लोखंड धार अडवतं पण धक्का अडवत नाही, धक्का आत पोचतोच, आणि तो पिऊन टाकायचं काम हे कापड करतं. मध्ययुगात युरोपात लिननचे थरावर थर रचून, नाहीतर आत लोकर आणि चिंध्या भरून हे शिवायचे, आणि ज्याला लोखंड परवडायचं नाही तो शिपाई नुसता हा कोट घालून लढाईत उभा राहायचा. मी पोलंडमध्ये पहिल्यांदा हे हातात घेतलं तेव्हा तोंडातनं मराठीच निघालं, अगं ही तर वाकळ आहे! बाजूच्या पोरींना काय कळणार. पण होती ती वाकळच, तोच धावदोरा, त्याच जवळजवळच्या ओळी, फक्त बाह्या लावलेली.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि घरच्या ग्रुपवर दर सणाला "तुझं ते नाटक कसं चाललंय" असं प्रेमानं विचारणाऱ्या सगळ्या मावश्या-काकांसाठी पण, एकदा नीट सांगते. हे नाटक नाही. याला बुहर्ट म्हणतात, जुन्या फ्रेंचमधला शब्द आहे, जमावानं लढायच्या टूर्नामेंटसाठीचा. डोक्यापासनं पायापर्यंत खरं लोखंडी चिलखत घालायचं, बोथट केलेली खरी हत्यारं घ्यायची, तलवार, कुऱ्हाड, ढाल, लांब दांड्याची पोलॲक्स, आणि पूर्ण ताकदीनं लढायचं, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं नसतं. चिलखत मनाला येईल तसं चालत नाही, त्या काळातल्या चित्रांत, पुतळ्यांत किंवा म्युझियममध्ये तसं काहीतरी असल्याचा आधार दाखवावा लागतो. २००९-१० च्या सुमारास युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात युक्रेन, रशिया, बेलारूस आणि पोलंड असे चार देश पहिल्यांदा जमले, त्याला बॅटल ऑफ द नेशन्स म्हणतात, पुढं ते वॉर्सा, प्राग, बार्सिलोना, रोम असं फिरत गेलं आणि देश वाढत गेले. २०१४ ला स्पेनमधल्या बेलमाँतेच्या किल्ल्यात आणखी एका फेडरेशनची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली. एकाला एक अशा लढती पण असतात पण मला जीव लावणारा प्रकार म्हणजे पाच विरुद्ध पाच, लाकडी कठड्याच्या रिंगणात दहा बायका एकदम.

नियम आमच्या भागातल्या माणसाला कुस्तीवरनं लगेच कळतो. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, त्याच्या आधी तू गुडघ्यावर ये, पालथी पड, उठून परत लढू शकतेस. बुहर्टमध्ये तेवढी मुभा नाही. दोन पाय जमिनीवर, त्याच्या पलीकडं तिसरं काहीही टेकलं, गुडघा, हात, काहीही, की तू बाद, राऊंड संपेपर्यंत तिथंच पडून राहायचं. ज्या टीमची माणसं शेवटपर्यंत उभी तिचा राऊंड, तीन राऊंडमध्ये दोन जिंकले की मॅच. भोसकायचं नाही, टोक वापरायलाच बंदी. गुडघ्याच्या मागं, पावलांवर, जांघेत, मानेच्या मागं मारायचं नाही. आणि पडलेल्याला मारायचं नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल खाली परत येणार आहे मी.

मी यात कशी पडले तर २०२१ ला मास्टर्ससाठी पोलंडमधल्या व्रोत्सवाफला गेले, मेकॅनिकल. पुढच्या वर्षी जुलैमध्ये क्लासमधल्या काही जणांनी ग्रुनवाल्डला नेलं. १५ जुलै १४१० ला तिथं पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजेनं ट्यूटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांना, हरवलं, आणि दरवर्षी त्याच माळावर ती लढाई परत उभी करतात, हजारो माणसं, तंबू, घोडे, धूर. लढाई छान होती पण मला आठवतंय ते वेगळंच. तंबूंच्या मागं एक बाई बसली होती, चाळिशीची असेल, छातीवरचं चिलखत काढलेलं, मांड्यांवर लोखंड तसंच, घामानं केस चिकटलेले आणि ती काकडीचं लोणचं खात होती. एवढंच. कुणी तिचे फोटो काढत नव्हतं, तिला पण कुणाला काही दाखवायचं नव्हतं. दमली होती आणि खात होती. मी बराच वेळ तिच्याकडं बघत उभी राहिले. मला असं दमायचं होतं, हे मला तिथं कळलं, आणि याआधी आयुष्यात असं कधी काही इतकं स्पष्ट कळलेलं नव्हतं.

लहानपणी आमच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथावर मला मावळा व्हायचं होतं. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना माहीत आहे तिथं उभं राहायला मिळणं म्हणजे काय. मला जिजाऊ केलं, पुढच्या वर्षी पण जिजाऊ, आणि मावळ्यांच्या पत्र्याच्या ढाली ज्या पोरांना मिळाल्या ती पोरं रात्री एकच्या सुमारास झोपून गेली होती. जिजाऊंबद्दल काही कमी नाही हां. पण मला ढाल पाहिजे होती.

तर व्रोत्सवाफमध्ये एका शाळेच्या जिममध्ये क्लब जमायचा, तिथं जायला लागले. पहिले चार महिने लोखंड नाहीच, फोमच्या तलवारी, पळणं, उठाबशा, एकमेकींना धरून ढकलणं. मग एका मुलाचं जुनं चिलखत मला उसनं मिळालं, तो सहा फूट, मी पाच फूट दोन इंच. गुडघ्याची वाटी माझ्या गुडघ्याच्या तीन बोटं खाली बसायची, पाय वाकवला की तिची कड नडगीत रुतायची. लोखंडी हातमोज्यांची बोटं एवढी लांब की मूठ वळली तरी तलवारीची पकड सैल. आणि शिरस्त्राण, ते सर्वात वाईट. आत कितीही फोम कोंबला तरी कुणी डोक्यावर मारलं की ते फिरायचं, आणि फिरलं की डोळ्यांसमोरची फट कानापाशी जाते आणि तू पूर्ण आंधळी. आधीच त्या फटीतनं दिसतं किती, समोरचा एक पट्टा, पाय तर दिसतच नाहीत, आणि कानात फक्त आपलाच श्वास. माझी पहिली खरी मॅच अशीच गेली. शिट्टी झाली, कुणीतरी आलं, खणकन वाजलं, अंधार झाला आणि पुढच्या क्षणी माझा गुडघा जमिनीवर होता. तेवढंच. तिथं पडून वर आभाळ पण दिसेना कारण फट अजून कानाजवळच.

ट्रेनिंग घेणारी बाई उठवायला आली, तिनं पहिल्यांदा विचारलं लागलं का, मी नाही म्हटलं, मग म्हणाली, तू नाही हरलीस, हे चिलखत हरलं, तुझ्या मापाचं घे.

मला हे ऐकून रडायला आलं आणि का आलं ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, खोलीवर जाऊन नडगीला बर्फ लावताना. माझ्या मापाचं असं मला कधी काही मिळालंच नव्हतं. कॉलेजच्या वर्कशॉपमधला एप्रन गुडघ्याखाली यायचा, ग्लव्हज मोठे, सेफ्टी शूज पाच नंबरचे मिळायचेच नाहीत म्हणून दोन मोजे घालायची मी. पहिल्या नोकरीत हेल्मेट सारखं डोळ्यांवर यायचं. प्रत्येक वेळी मीच स्वतःला त्या वस्तूत बसवून घेतलं. आणि चिलखतात ते चालत नाही, चिलखतात तसं केलं की हाड मोडतं.

मग मी वाचत सुटले. चिलखत म्हणजे मापाचीच गोष्ट होती पहिल्यापासनं, श्रीमंत सरदार कारागिरासमोर उभा राहून माप द्यायचा. १४२९ मध्ये फ्रान्समधल्या तूर गावात जोन ऑफ आर्कसाठी चिलखत बनवलं, राजाच्या खजिन्यातनं त्याचे १०० लिव्र दिल्याची नोंद आहे. सतरा वर्षांच्या आसपासची शेतकऱ्याची मुलगी, आणि एका कारागिरानं तिचे खांदे, तिची कंबर मोजली असणार. मला लढायांपेक्षा तो माप घ्यायचा दिवस जास्त डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये तलवारबाजीचं एक हस्तलिखित आहे, साधारण १३०० सालच्या आसपासचं, आज टिकून असलेल्यांत सर्वात जुनं, त्याच्या शेवटी एक बाई तलवार आणि छोटी ढाल घेऊन लढताना काढलीय, नाव वाल्पुर्गिस, नेहमीच्या पायघोळ झग्यातच आहे ती. आणि आपल्याकडं चांदबिबी, नगरच्या किल्ल्याची भिंत मोगलांनी सुरुंगानं उडवली तेव्हा अंगात चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली असं त्या काळच्या फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहिलंय. आमच्याच जिल्ह्यातली बेळवडीची मल्लम्मा, बैलहोंगलकडची, १६७८ च्या सुमारास मराठ्यांच्या फौजेशी लढली, बायकांची तुकडी घेऊन. तिच्याबद्दल मला सांगितलं ते कन्नड शाळेतल्या मैत्रिणीनं, आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं सांगायला पाहिजे होतं. चन्नम्मा सर्कलवरनं तर रोज जाते मी, घोड्यावरची ती राणी कित्तूरची, १८२४ ला इंग्रजांच्या फौजेला हरवलेली. शाळेची बस तिथं सिग्नलला थांबली की मी तिच्या मनगटाकडं बघायची, तलवार कशी धरलीय ते.

एक गोष्ट सांगायचीच आहे कारण प्रत्येक जण विचारतो. गेममध्ये आणि सिनेमात बायकांच्या चिलखताला छातीचे दोन उंचवटे दाखवतात ना, तसं काही घालू नका. दोन उंचवट्यांच्या मध्ये जी खाच होते तिथं प्रत्येक वार घसरत येऊन बरोबर छातीच्या हाडावर बसतो. खरं छातीचं चिलखत बाहेर फुगलेलं असतं, मडक्यासारखं गोल, पुरुषाचं पण तसंच, म्हणजे वार कुठूनही आला की बाजूला घसरून जातो. आत जागा भरपूर असते, चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घाला, विषय संपला. बाईच्या अंगाला खरं जे वेगळं लागतं ते कमरेशी लागतं. पायांचं सगळं लोखंड कमरेवर टांगलेलं असतं, कंबर आणि नितंबांवर ते नीट बसलं तर खांद्यांवर भार येत नाही, आणि इथं आमचं शरीर उलट फायद्याचं आहे, पण पट्टा त्या वळणानं कापलेला पाहिजे. केसांचं पण बघावं लागतं, वेणी शिरस्त्राणाच्या आत नेमकी जिथं येते तिथं वार बसला की आठवडाभर डोकं टेकवता येत नाही. मी दोन वेण्या घालून मानेपाशी खाली घेते. पाळीच्या दिवसात लढायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी लढते, गडद रंगाचं आत घालते आणि लढते.

२०२३ च्या शेवटी मी बेळगावला परत आले. बाबांचं ऑपरेशन होतं, आणि खरं सांगायचं तर घरची ओढ पण होती. उद्यमबागला नोकरी लागली, कास्टिंगचं डिझाईन. तलवार आणि कुऱ्हाड तिकडं क्लबमध्येच ठेवली, इथं लाठी, टायर आणि बांबूवर काम चालतं. एका तालमीत विचारायला गेलेले, वस्ताद माणूस खूप चांगले, चहा पाजला, माझे व्हिडिओ पूर्ण बघितले, पकड बरोबर आहे म्हणाले, पण मातीत बाईला उतरू देता येणार नाही, पहिल्यापासनं तसंच आहे असं म्हणाले. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या मातीत उतरायचा हक्क माझा पण आहे असं मला वाटतं आणि हे मी त्यांना पण सांगितलं, चहाचा कप ठेवताना. आता आमच्या टेरेसवर जुन्या गाद्या टाकून मी आणि दोन पोरी, एक ज्युडोवाली आणि एक कबड्डी खेळणारी, सकाळी साडेपाचला धरपकड करतो. ढाक, कुस्तीतला पाडायचा डाव, मला तिथं कबड्डीवालीनं शिकवली, तिला तिच्या काकानं, आणि चिलखत घालून ढाक मारली ना की समोरची अशी जाते, तिला कळतच नाही काय झालं, युरोपातल्या पोरींना त्याची सवय नाही. रविवारी पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड, वर-खाली दोनदा.

आणि चिलखत उद्यमबागच्या एका शेडमध्ये झालं. तिथले काका पत्र्याचं काम करतात, फॅनची कव्हरं, मशीनचे गार्ड, हॉपर. मी कागदावर गुडघ्याच्या वाटीचा नमुना काढून नेला तर त्यांनी विचारलं कुठल्या मशीनचा पार्ट आहे. मी म्हटलं, माझा. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाय वाकवून दाखव." तीन वाट्या फुकट गेल्या. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यात पत्रा ठोकत ठोकत वाटी करायची, घाई केली की कडेला चुणी पडते आणि ती चुणी मग निघत नाही. चौथी बसली. गुडघ्यावर ठेवली आणि वाकवला पाय, ती माझ्याबरोबर वाकली, कुठं टोचलं नाही, कुठं घासलं नाही, आणि मी त्या शेडमध्ये ग्राइंडरच्या आवाजात खाली बसते, उठते, खाली बसते, उठते, काका हसायला लागले. अख्खं चिलखत शिरस्त्राणासकट आता सव्वीस किलो आहे. साधा माईल्ड स्टीलचा पत्रा, त्यामुळं थोडं जड, हार्डन केलेल्या स्प्रिंग स्टीलचं असतं तर पत्रा पातळ चालला असता, पण ते उष्णतेचं काम नीट जमलं नाही तर पत्रा तडकतो, ते आम्ही पुढच्या वर्षी करणार. शिरस्त्राण मात्र पोलंडमधनंच आणलं, डोक्याच्या बाबतीत प्रयोग नाही.

बेळगावच्या पावसात चिलखत सांभाळणं हे वेगळंच व्रत आहे. जूनमध्ये दोन दिवस दुर्लक्ष केलं की तांबूस साय धरते. मशीन ऑइल, जुनं सुती कापड, दर रविवारी सगळे तुकडे पुसायचे. आई पुसते आता माझ्याबरोबर. तिनं सुरुवातीला वर्षभर या विषयावर बोलणंच टाकलं होतं, आणि मग एके दिवशी पाठीमागचे पट्टे मला लागत नव्हते, चिलखत एकटीला घालता येतच नाही, अर्धा तास लागतो आणि मागं कुणीतरी लागतंच, तर ती आली आणि ओढून बांधले. काष्टा घालायच्या सवयीचे हात. असे घट्ट बसले की पोलंडमध्ये पण कधी बसले नव्हते.

आता बसमधली एक गोष्ट. खानापूरहून येत होते, मावशीकडनं, उन्हाळा होता म्हणून स्लीव्हलेस कुडता, आणि आदल्या दिवशीच्या सरावानं दंडावर हिरवं-निळं झालेलं, वीतभर. बाजूला आईच्या वयाची बाई. देसूरच्या आधी कधीतरी तिनं पदरानं माझा दंड झाकल्यासारखं केलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरात कोण मारतंय काय गे?" मी म्हटलं नाही हो काकू, खेळताना लागलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "माझी लेक पण असंच सांगायची. पडलो म्हणून."

मी गप्प झाले. काय बोलणार. मग फोन काढून तिला एका मॅचचा व्हिडिओ लावून दिला, ती मी, लाल कापडवाली, म्हणून दाखवलं. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि पूर्ण बघितला, आवाज बंद होता, खिडकीतनं ऊन येत होतं म्हणून पदराची सावली करून बघितला. त्यात मी एकीला कठड्यावर दाबून खाली घेते आणि लगेच मागं सरकते, हात वर करून. तिनं विचारलं, "ही पडली तर मारत नाहीत काय?" मी म्हटलं नाही, पडल्यावर हात लावायचा नाही, नियम आहे, मारलं तर कार्ड दाखवतात, बाहेर काढतात. मच्छे गेलं, पिरनवाडी गेली. उतरायच्या आधी तिनं फोन परत दिला आणि एवढंच म्हणाली, "चांगला नियम आहे बघ."

त्यानंतर मी कुणी निळ्या डागांबद्दल विचारलं की चिडत नाही. आधी चिडायचे. आता थांबून नीट उत्तर देते, कारण विचारणारी कशासाठी विचारतेय ते मला माहीत नसतं. आणि मी मार खायला हौसेनं जाते हे मला कुणाला पटवता येणार नाही कदाचित पण फरक कुठं आहे ते मला त्या बाईनं दाखवलं. मी रिंगणात जायच्या आधी समोरचीला बघून मान हलवते, ती मला हलवते. दोघींनी चिलखत घातलेलं असतं. मॅच संपली की ती माझ्या शिरस्त्राणाचा पट्टा सोडवायला येते, बऱ्याच वेळा तीच येते जिनं पाडलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात सुट्टी काढून परत गेले, पोलंडमधल्याच एका छोट्या टूर्नामेंटला, जुन्या क्लबच्या पोरींबरोबर. चिलखत दोन बॅगांत वाटून नेलं, विमानात एका बॅगेला तेवीस किलोच. मुंबईला स्कॅनरवर बॅग थांबवली, मी गुडघ्याची वाटी पायाला लावून दाखवली, तो माणूस समजुतीचा होता, सोडलं. आज्जीचं पहिलं गॅम्बेसन तेव्हा घातलं होतं. आजोबा वडगावचे विणकर, घरात माग होता, आज्जीला सुती कापडाची नस माहीत आहे, कुठलं धुऊन धुऊन घट्ट होतं आणि कुठलं विरतं. तिनं स्वतःच्या सात जुन्या साड्या त्यात घातल्या. मी म्हटलं नवीन कापड आणू, तर नको म्हणाली, नवीन कापड अंगाला ओळखत नाही. उभ्या काठाची एक लाल पट्टी तिनं मुद्दाम गळ्याशी आणली, चिलखताच्या वर दोन बोटं दिसेल अशी.

आम्ही तीन मॅच खेळलो, दोन हरलो, एक जिंकलो. जिंकलेल्या मॅचच्या तिसऱ्या राऊंडला आमच्यातल्या दोघीच उभ्या राहिलेल्या आणि समोरच्या तिघी. एकीनं मला कठड्यावर दाबलं, दुसरी पोलॲक्स घेऊन खांद्यावर मारत होती, एक, दोन, तीन, मला मोजता येत होते वार, आणि प्रत्येक वार आज्जीच्या थरांत बुडत होता, आवाज यायचा, धक्का यायचा, पण दुखणं यायचं नाही. गुडघ्यांची वाटी कठड्याच्या फळीवर टेकून धरली, पाय हलू दिले नाहीत. हवा संपत आलेली, तोंडात लोखंडाची चव. मग तिचा एक वार चुकून वरनं गेला, ती पुढं झुकली, माझा हात तिच्या मानेमागं गेला आणि ढाक बसली. ती गेली आणि तिच्या अंगावर अडखळून मला दाबणारी पण गुडघ्यावर आली. तिसरीला माझ्या जोडीदारणीनं कधी पाडलं ते मी बघितलंच नाही. मार्शलनं, म्हणजे पंचानं, झेंडा वर केला तेव्हा पण मी कठडा सोडला नव्हता, सोडायला सांगावं लागलं. डाव्या अंगठ्याचं हाड त्यातच मोडलं होतं, ते रात्री कळलं.

तीन आठवडे प्लास्टर. लग्नाचं बघायला येणार होते ते लोक त्याच काळात आले, मी प्लास्टर झाकलं नाही, विचारलं तर सांगितलं काय झालं ते. पुढं काही कळवलं नाही त्यांनी. आईनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, त्या रविवारी चिलखत पुसायला बसली तेव्हा डावा हातमोजा उचलून अंगठ्याची पट्टी वाकलेली होती ती बघत राहिली आणि म्हणाली, काकांना सांग ही जाड करायला.

तर आता दुसरं गॅम्बेसन चाललंय. पहिल्याचे खांदे फाटलेत, आणि बाह्या घट्ट व्हायला लागल्यात, हात वर घेतला की काखेत ओढतं. आज्जीनं आधी जुनं घालायला लावलं, मग काढायला लावलं, मग टेप बाजूला ठेवून वितीनं माप घेतलं, तिचा टेपवर विश्वास नाही. खांद्यापासनं कोपर, कोपरापासनं मनगट, मग दंडाभोवती दोन्ही हातांची बोटं लावून बघितली. मागच्या खेपेला बोटं जुळली होती तिची. ह्या खेपेला मध्ये जागा राहिली.

"दोन बोटं वाढलीस," म्हणाली.

मी म्हटलं, मग त्याच मापानं शिव. तर नाही म्हणाली, आणि खडूनं रेघ त्याच्या पण बाहेर मारली.